हेराल्डला सूतक लागत नाही

फडतरे बापू गेले आणि साताऱ्याच्या जुनी मोटार मंडळातल्या सगळ्या गाड्यांना सूतक लागलं. लागलं नाही ते फक्त शैलजाबाई केंजळ्यांच्या हेराल्डला.

बापू गेले ते दुपारी, आपल्या पेढ्यांच्या दुकानात, गल्ल्यामागच्या खुर्चीत बसल्या बसल्या. समोरच्या गिऱ्हाइकाला वाटलं, डुलकी लागली असेल, म्हणून तो थोडा वेळ तसाच थांबला आणि मग त्याने शेजारच्या दुकानदाराला हाक मारली. संध्याकाळी माहुलीच्या घाटावर सगळं मंडळ हजर होतं. तिथवर गाड्या नीट आल्या. परत निघताना मात्र कुणाचीच गाडी चालू होईना. अध्यक्ष दिनकरराव मोहित्यांची अँबॅसिडर झाली नाही, सचिव इक्बाल शिकलगारांची विलीज जीप झाली नाही, आणि मग एकामागून एक किल्ल्या फिरत गेल्या आणि कुठूनच आवाज आला नाही. कुणी बॉनेट उघडून बघितलं नाही. बिघाड आणि सूतक यांतला फरक जुनी गाडी बाळगणाऱ्याला लगेच कळतो. बिघाड असला की इंजिन धडपडतं, खोकतं, निदान प्रयत्न करतं. सूतकात ते नुसतं गप्प राहतं.

शैलजाबाईंनीही किल्ली फिरवली. या गाडीला थंडीत चोक ओढून, दम धरून, दोन शब्द गोड बोलून उठवावं लागे. त्या संध्याकाळी ती किल्ली लागताच चालू झाली आणि एका लयीत चालत राहिली. घाटावरच्या सगळ्यांनी वळून पाहिलं. शैलजाबाईंनी घाईघाईने इंजिन बंद केलं.

कारखान्यावर ऊस टाकून रिकामे परतणारे दोन ट्रॅक्टर इक्बालभाईंनी थांबवले होते. ते गाड्या ओढून घरोघर पोचवणार होते.

"माझीही बांधा," शैलजाबाई म्हणाल्या.

"बाई, तुमची चालू आहे की," ट्रॅक्टरवाला म्हणाला.

"असू दे. बांधा."

आणि सगळ्यांच्या रांगेत, शेवटून दुसरी, चालू गाडी दोराने ओढत घरी आली.

शैलजाबाई पोस्टातून पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेल्या. लग्न केलं नव्हतं. सदर बझारातलं छोटं घर आणि ही हेराल्ड, दोन्ही वडिलांची. मंडळ निघालं तेव्हा गाडी चालवणारी बाई म्हणून त्यांना कुणी सभासद करून घेईना, तेव्हा बापूच म्हणाले होते की आपण गाड्यांचं मंडळ काढतोय, हेराल्डला घ्यायचं का एवढंच ठरवा. तेव्हापासून दर सोमवारी, दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी, बापू त्यांच्या अंगणात येऊन बसत. इंदूवहिनींनी, म्हणजे बापूंच्या बायकोने, दिलेला डबा मध्ये ठेवून दोघं कार्बोरेटरवरून भांडत. बापू त्यांना पोस्टमास्तर म्हणत, त्या बापूंना बापूच म्हणत. या नात्याला साताऱ्यात नाव नव्हतं, आणि ते द्यावं असं कुणाला वाटलंही नव्हतं.

आता मात्र तो प्रश्न निघाला.

मंडळाच्या कार्यकारिणीची बैठक मोहित्यांच्या पडवीत भरली. सगळे सभासद पायी आले होते. अंगणात अँबॅसिडर उभी होती, तिच्यावर मोहितेकाकूंनी पांढरी चादर घातली होती. सूतकातल्या गाडीला तेल घालत नाहीत, पॉलिश करत नाहीत, आणि तिचे आरसे आत वळवून ठेवतात. ते सगळं केलेलं होतं.

श्रद्धांजलीचा ठराव झाला. मोहितेसाहेब उभे राहून तो वाचणार होते, पण दुसऱ्या वाक्याला त्यांचा आवाज गेला, म्हणून उरलेला इक्बालभाईंनी वाचला. मग मोहितेसाहेबांनी चष्मा पुसला आणि पुढचा विषय घेतला.

"याआधी मंडळातले दोघं गेले," ते म्हणाले. "तेव्हा ज्याची त्याची गाडी तेरा दिवस बंद राहिली. बाकीच्यांना नुसती आंघोळ पुरली. पाण्याचा एक पाइप मारला की मोकळ्या. या वेळी सगळ्यांना पूर्ण सूतक लागलंय. का लागलं, तर नातं बघा. माझ्या गाडीचा हॉर्न कुणाचा? बापूंचा."

"जीपचा डावा दिवा," इक्बालभाई म्हणाले.

कुणी वायपर सांगितला, कुणी पेट्रोलच्या टाकीचं झाकण, कुणी मागच्या दाराचं हँडल. सगळ्यांना ठाऊक होतंच. बापूंची रीतच तशी होती. मंडळाच्या सहलीला ते कायम रांगेच्या शेवटी राहत, आणि पुढे कुणाची गाडी बंद पडलेली दिसली की थांबत. खाली उतरले की आधी पेढ्यांचा पुडा उघडायचा. "बंद पडली? तोंड गोड करा," असं म्हणत ते आधी गाडीच्या मालकाला, मग त्याच्या बायकापोरांना आणि शेवटी रस्त्यावरून जाणाऱ्या माणसालाही पेढा देत. त्यांचं म्हणणं असं की गाडी चालत राहिली तर माणूस नुसता पोचतो. बंद पडली तर त्याला ती जागा दिसते. मग जी वस्तू कमी असेल ती आपल्या फियाटची काढून देत. असं करत फियाटचं बरंचसं सामान साताराभर वाटलं गेलं होतं. हॉर्न गेल्यापासून बापू खिडकीतून हात बाहेर काढून "ओ भाऊ" म्हणत, आणि लोक बाजूला होत.

"म्हणजे अंगचं दिलेलं आहे," मोहितेसाहेब म्हणाले. "रक्ताचंच नातं धरायला हवं."

"माझ्या जीपचं तेवढं कळत नाही," इक्बालभाई म्हणाले. "आमच्यात तीन दिवसांचा शोक असतो. काल संपला. मी तिला तसं सांगितलंही. पण ती सगळ्यांच्यात वाढली, ती काय ऐकणार? राहू दे म्हटलं तेरा दिवस."

यावर कुणाची हरकत नव्हती. मग सगळ्यांच्या नजरा शैलजाबाईंकडे गेल्या.

"हेराल्डबद्दल मंडळाला खुलासा लागेल, ताई," मोहितेसाहेब म्हणाले. ते अवघडून गेले होते. "तुमच्याबद्दल नाही. गाडीबद्दल."

"खुलासा काही नाही," शैलजाबाई म्हणाल्या. "ती चालू होते."

"बापूंचं तिच्यात काहीच नाही?"

"नाही. ती कधी बंदच पडली नाही."

हे खरं होतं. हेराल्डची देखभाल शैलजाबाई स्वतः करत. रांगेत त्या बापूंच्या लगेच पुढे असत, आणि बापू मागून बघत असताना आपली गाडी बंद पडू द्यायची नाही, असा त्यांचा बाणा होता. दुसऱ्यांच्या गाड्यांपाशी उभं राहून त्यांनी पुष्कळ पेढे खाल्ले होते. स्वतःच्या गाडीचा एकही नाही.

संग्राम जगदाळे नावाचा तरुण बिल्डर कोपऱ्यात बसला होता. त्याला मनापासून नवल वाटत होतं. "माझी काँटेसा येऊन दोनच वर्षं झाली, मॅडम," तो म्हणाला. "तिलासुद्धा लागलंय."

तो वाईट हेतूने बोलला नव्हता. म्हणूनच शैलजाबाईंना ते जास्त लागलं.

सूतक फिटेपर्यंत हेराल्डने रस्त्यावर येऊ नये, लोकांत बरं दिसत नाही, असं ठरलं. शैलजाबाईंनीही हात वर केला. घरी आल्यावर त्यांनी हेराल्डची बॅटरी काढली आणि स्वयंपाकघरात ओट्याखाली नेऊन ठेवली.

सकाळी त्या दूध घ्यायला दार उघडून आल्या, तर हेराल्ड अंगणात चालू होऊन उभी होती. मागून थोडी वाफ येत होती. बॅटरी ओट्याखालीच होती.

शैलजाबाई पायरीवर बसल्या. "तुला काहीच वाटत नाही का गं?" त्यांनी विचारलं.

गाडी एका लयीत चालत राहिली. शैलजाबाई तिच्याकडे बघत राहिल्या आणि त्यांच्या ध्यानात आलं की बापू गेल्यापासून त्यांनाही रडू आलेलं नाही. घाटावर मोहितेसाहेब लहान मुलासारखे रडले, इक्बालभाई नदीकडे तोंड करून उभे राहिले. त्या मात्र लाकडं पुरेशी आहेत का ते बघत होत्या, कोरेगावच्या आत्यांना कुणी कळवलं का ते विचारत होत्या. लोकांनी पाहिलं असेलच. या विचाराने त्यांना इतकी लाज वाटली की त्यांनी दूध तसंच पायरीवर ठेवलं, चपला घातल्या आणि त्या फडतऱ्यांच्या घरी निघाल्या. निदान गाडीच्या वतीने माफी मागावी, असं त्यांच्या मनात होतं.

फडतऱ्यांच्या घरी माजघरात इंदूवहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. समोर खरे गुरुजी पंचांग घेऊन बसले होते. बापूंचा मुलगा रणजित फोन कानाला लावून येरझाऱ्या घालत होता. अस्थी माहुलीच्या संगमावर न्यायच्या होत्या आणि न्यायला गाडी नव्हती. रणजितची गाडी नवीकोरी होती, पण ती घरातलीच, तिलाही सूतक होतं. तो भाड्याची गाडी ठरवत होता.

"भाड्याच्या गाडीत नाही," इंदूवहिनी म्हणाल्या. त्यांनी हे बहुधा आधीही सांगितलं असावं. "जन्मात कधी बसले नाहीत ते. आता बोलता येत नाही म्हणून बसवायचं का?"

"आई, मग कसं न्यायचं? मंडळाची एकही गाडी चालू नाही."

"एक आहे," शैलजाबाई दारातून म्हणाल्या.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या आत येऊन वहिनींसमोर खाली बसल्या. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, पण आता ते नीट जुळेना.

"वहिनी, माझ्या गाडीला सूतक लागलं नाही. मी बॅटरी काढून ठेवली तरी चालू होते. मला तोंड दाखवायला जागा नाही. तुम्ही काही मनात आणू नका. तिला कळत नसेल."

इंदूवहिनींनी गुरुजींकडे बघितलं. गुरुजींनी पंचांग मिटलं. त्यांना हा प्रश्न अवघड वाटलेला दिसला नाही.

"तुमच्या गाडीत बापूंचं काही बसवलेलं आहे?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"तुमची गाडी आणि त्यांची एका घरातली, एका कारखान्यातली?"

"नाही."

"मग तुम्ही मैत्रातल्या," गुरुजी म्हणाले. "मैत्राला सूतक नाही."

"म्हणजे नातंच नाही," शैलजाबाई म्हणाल्या.

"असं मी म्हटलं नाही."

इंदूवहिनी पुढे सरकल्या. त्यांचा आवाज बसला होता, पण त्या शांतपणे बोलल्या. "शैलाताई, घरातली सगळी सुतकात असतात. कुणाला शिवता येत नाही, कुणाला उठता येत नाही. अशा वेळी तांदूळ कोण आणणार? स्टेशनवर कोण जाणार? कुणीतरी मोकळं लागतं ना धावायला." मग त्यांनी विचारलं, "पेट्रोल आहे गाडीत?"

"आहे."

"मग आणा."

शैलजाबाई घरी गेल्या. बॅटरी परत बसवावी का, असा क्षणभर विचार त्यांच्या मनात आला. बसवली, उगाच दिसायला बरं. हेराल्ड चालूच होती.

अस्थींचं मडकं मांडीवर घेऊन इंदूवहिनी पुढे बसल्या, मागे रणजित आणि गुरुजी. मोहित्यांच्या घरावरून जाताना मोहितेसाहेब फाटकाशी उभे होते. बंदी मोडून रस्त्यावर आलेली हेराल्ड त्यांनी पाहिली, आत कोण बसलंय ते पाहिलं, आणि पायांतल्या चपला काढून ते तसेच उभे राहिले. त्यांच्यामागे चादरीखाली अँबॅसिडर होती. पुढे इक्बालभाईंच्या टायरच्या दुकानापाशी जीप होती, तिच्याजवळ ते उभे होते. त्यांनी छातीवर हात ठेवला. शैलजाबाईंनी कुठेच हॉर्न दिला नाही. त्यांची नजर रस्त्यावर होती आणि कान इंजिनवर. ते कुठे अडखळलं नाही.

त्या दिवसापासून हेराल्ड थांबली नाही. तिने मिरजेहून आलेल्या बापूंच्या मुलीला स्टेशनवरून आणलं. कोरेगावच्या आत्यांना गुडघ्यांमुळे दुसऱ्या कुठल्या गाडीत चढता येत नसे, त्यांना आणलं आणि पोचवलं. दर्भ, काळे तीळ, पत्रावळी, दहाव्याचं सामान, तेराव्याचा आचारी आणि त्याची भांडी, सगळं तिच्यातून आलं. मोठं पातेलं आत मावेना, तेव्हा ते टपावर बांधलं. संग्राम जगदाळे एक दिवस स्वतःहून येऊन मागच्या सीटवर तांदळाच्या पोत्याशेजारी बसला आणि दिवसभर उतरवून घ्यायला मदत करत राहिला. "मॅडम, मला माहीत नव्हतं," एवढंच तो म्हणाला. मंडळाने आधीचा ठराव मागे घेतला. त्यासाठी बैठक भरली नाही. मोहितेसाहेबांनी घरोघर पायी जाऊन संमती घेतली.

तेराव्याला जेवणं उरकली आणि दुपारी गाड्या मोकळ्या झाल्या. त्यांना पाणी घातलं, तेल घातलं, आरसे बाहेर काढले. अँबॅसिडर चालू झाली, जीप चालू झाली, आणि फडतऱ्यांच्या मागच्या अंगणातून फियाटचाही आवाज आला. रणजित तिच्यात बसला होता. त्याला गाडीतलं फारसं कळत नव्हतं, पण तो शिकेन म्हणाला.

वार्षिक सहल येत्या रविवारी, ठरल्याप्रमाणे ठोसेघरला जाणार होती. रविवारी सकाळी पोवई नाक्यावर सगळ्या गाड्या जमल्या. हेराल्ड आली नाही. थोडी वाट पाहून इक्बालभाई जीप घेऊन सदर बझारात आले. शैलजाबाई साडी नेसून, पाण्याची बाटली घेऊन, गाडीशेजारी उभ्या होत्या.

"होत नाही," त्या म्हणाल्या.

इक्बालभाईंनी किल्ली फिरवली. मग पुन्हा एकदा फिरवली. काही आवाज नाही. त्यांनी बॉनेटला हात लावला, पण ते उघडलं नाही.

"हे तर सूतकच आहे, ताई."

"सूतक संपलं ना?"

इक्बालभाईंनी गुरुजींना फोन केला. गुरुजी म्हणाले की मैत्राला सूतक नाही, त्यामुळे ते कधी फिटतं याचीही तरतूद नाही. मग मोहितेसाहेबांना फोन लावला. मोहितेसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं.

"कामं सगळी संपली का तिची?" त्यांनी विचारलं.

"संपली. परवाच आचाऱ्याची भांडी पोचवली."

मग मोहितेसाहेब म्हणाले, "रजा मंजूर. किती दिवस ते लिहू नका."

इक्बालभाईंनी शैलजाबाईंना जीपमधून यायचा आग्रह केला. त्या नको म्हणाल्या. सहल निघाली. रांगेत शेवटी फियाट होती, आणि तिच्यापुढे एका गाडीची जागा मोकळी सोडली होती. वाटेत एका टेम्पोने त्या जागेत शिरायचा प्रयत्न केला, तेव्हा रणजितने खिडकीतून हात काढून त्याला सांगितलं की इथे गाडी आहे. टेम्पोवाला मागे झाला.

घरी शैलजाबाई हेराल्डमध्ये जाऊन बसल्या. स्टिअरिंगवर हात ठेवले. आता कुठे जायचं नव्हतं, कुणाला आणायचं नव्हतं. सोमवार उद्या होता. त्यांनी डोकं स्टिअरिंगवर टेकवलं आणि त्यांना रडू आलं. ते बराच वेळ आलं. गाडीच्या काचा बंद होत्या आणि शेजाऱ्यांपैकी कुणी डोकावलं नाही.

फाटक वाजलं तेव्हा त्यांनी तोंड पुसलं. इंदूवहिनी आल्या होत्या, चालत, एकट्याच. त्यांनी डावीकडचं दार उघडलं आणि त्या आत येऊन बसल्या.

"सगळे गेले," त्या म्हणाल्या. "रणजितही गेला. रांगेत तुमची रिकामी जागा बघितली, म्हणून आले."

"गाडी चालू होत नाही, वहिनी."

"कळलं मला." इंदूवहिनींनी दार लावून घेतलं. ते नीट लागलं की नाही ते पुन्हा ओढून पाहिलं. "मी ठोसेघर बघितलं नाही कधी. रविवारी दुकान मीच सांभाळायचे. ते यायचे संध्याकाळी आणि सांगायचे, इथे थांबलो, तिथे थांबलो. मला कुठला रस्ता ठाऊक? नुसतं हो म्हणायचे."

शैलजाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग किल्लीला हात न लावता त्यांनी क्लच दाबला, पहिला गिअर टाकला आणि हँडब्रेक सोडला.

"आता बोगद्यातून बाहेर आलो," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या. "समोर सज्जनगड."

"अगंबाई, एवढा जवळ?"

"हो. इथून वळणं सुरू होतात. तुम्हाला गाडी लागते का?"

"माहीत नाही. कधी बसलेच नाही एवढं."

"मग हळू घेते."

बोरणे घाट त्यांनी दुसऱ्या गिअरमध्ये चढला. इंदूवहिनी वळणावळणावर विचारत होत्या की इथे कुणाची बंद पडली होती, आणि शैलजाबाई सांगत होत्या. या आंब्याखाली मोहितेसाहेब. त्या दिवशी बापूंनी एका धनगराला आणि त्याच्या कुत्र्यालाही पेढा दिला. या दगडापाशी जीप. इथे संग्रामची, पहिल्याच सहलीला, तो बिचारा रडकुंडीला आला होता आणि बापू त्याला म्हणाले, दरी बघ, आयुष्यात परत अशी फुकट दिसायची नाही. इंदूवहिनी हसल्या. हे त्यांनी ऐकलं होतं, पण जागेवर ऐकलं नव्हतं. माथ्यावर पवनचक्क्या दिसायला लागल्या तेव्हा त्यांनी काच खाली केली.

ठोसेघरला पोचल्यावर शैलजाबाईंनी गाडी कडेला घेतली. अंगणात शेवग्याची सावली सरकून बॉनेटवर आली होती. दोघी समोर बघत राहिल्या.

"या दिवसांत पाणी नसतं धबधब्याला," शैलजाबाई म्हणाल्या.

"नसू दे. जागा तर कळली."

मग इंदूवहिनींनी विचारलं, "क्लच म्हणजे यातलं कुठलं?"

"डावीकडचं."

"परतीला मी चालवते."

"चालवा," शैलजाबाई म्हणाल्या. त्या उतरल्या आणि गाडीला वळसा घालून दुसऱ्या बाजूला येऊन बसल्या. इंदूवहिनींनी पदर कमरेला खोचला, चपला काढून सीटखाली सारल्या, आणि घाटाचा रस्ता अरुंद असल्यामुळे, मागून कुणी येत नाही ना हे दोनदा पाहून, गाडी साताऱ्याच्या दिशेला वळवली.